सांचीचा महास्तूप: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

सांचीला प्रथमच जाणाऱ्या पुष्कळ लोकांची खरी अडचण प्रवासाची नसते. देवळात गेल्यावर काय करायचे ते लहानपणापासून अंगवळणी पडलेले असते: पादत्राणे काढायची, घंटा वाजवायची, गाभाऱ्यासमोर हात जोडायचे, प्रसाद घ्यायचा. स्तूपापुढे यांपैकी काहीच लागू पडत नाही. त्याला गाभारा नाही आणि आत जायला दार नाही. दगडांनी मढवलेला एक भरीव घुमट तेवढा उभा असतो. मग दोनशे रुपयांच्या नोटेवर पाहिलेले चित्र प्रत्यक्षाशी ताडून पाहावे, तोरणांपुढे छायाचित्रे काढावीत आणि तासाभरात टेकडी उतरावी, असे बहुतेकांचे होते. सांचीत काय करायचे, कोणत्या क्रमाने करायचे आणि त्यामागचा धार्मिक अर्थ कोणता, हे एकदा ठाऊक असले तर त्याच टेकडीवर अख्खा दिवसही पुरत नाही.

निघण्यापूर्वी: स्तूप कशासाठी बांधतात

ही माहिती घरीच वाचून जावी, कारण जागेवरचे फलक इमारतींची मापे आणि काळ सांगतात, त्यांची पूज्यता फारशी सांगत नाहीत.

बुद्धांच्या अखेरच्या दिवसांविषयीच्या महापरिनिब्बान सुत्तात अशी कथा येते की आपल्या देहाचे पुढे काय करावे, असे आनंद या शिष्याने विचारले असता बुद्धांनी चक्रवर्ती राजाप्रमाणे अंत्यसंस्कार करून चव्हाट्यावर स्तूप उभारावा, असे सांगितले. तथागत (बुद्ध), प्रत्येकबुद्ध (स्वबळावर बोधी मिळवणारा, पण इतरांना न शिकवणारा), तथागतांचा श्रावक (शिष्य) आणि चक्रवर्ती राजा हे चौघे स्तूपास पात्र आहेत, असेही त्याच सुत्तात म्हटले आहे. कुशीनगर येथे महापरिनिर्वाण झाल्यावर अस्थींसाठी अनेक राजे आणि गणराज्ये हक्क सांगत आली, युद्धाची वेळ आली, आणि द्रोण नावाच्या ब्राह्मणाने मध्यस्थी करून अस्थींचे आठ भाग केले. त्या आठ भागांवर आठ स्तूप उभे राहिले. पुढे सम्राट अशोकाने त्यांतील बहुतेक स्तूप उघडून त्या अस्थी ८४,००० स्तूपांमध्ये विभागल्या, अशी बौद्ध परंपरा आहे. आकडा परंपरेचा म्हणून घ्यावा. मात्र अशोकाच्या काळापासून स्तूपपूजा देशभर पसरली, हे सांचीसारख्या स्थळांवरून स्पष्ट दिसते.

पूज्य वस्तूंचे परंपरेने तीन प्रकार मानले जातात. प्रत्यक्ष देहावशेष असतील तर ते शारीरिक, बुद्धांनी वापरलेल्या वस्तू (बोधिवृक्षही त्यातच येतो) त्या पारिभोगिक, आणि स्मरणासाठी उभारलेली प्रतीके ती उद्देशिक. अस्थिधातू असलेल्या स्तूपापुढे उभे राहणे म्हणजे बुद्धांच्या सान्निध्यात उभे राहणे, अशी उपासकाची भावना असते. तिथे काही मागायचे नसते. बुद्धांच्या गुणांचे स्मरण करायचे, त्रिशरण (बुद्ध, धम्म व संघ यांना शरण जाणे) आणि पंचशील (पाच आचारनियम) उच्चारून आपण स्वीकारलेल्या शिलाला पुन्हा बांधून घ्यायचे, हा वंदनेचा हेतू असतो. नवस बोलण्याची सवय असलेल्या घरातून आलेल्या माणसाला हा फरक आधी कळलेला बरा.

आणखी एक गोष्ट अनेकांना चकित करते. बुद्धांच्या चरित्रातील एकही घटना सांचीत घडलेली नाही. लुंबिनी, बोधगया, सारनाथ आणि कुशीनगर या चार स्थानांत सांचीचा समावेश होत नाही. मग अशोकाने इथे स्तूप का बांधला? जवळच विदिशा हे व्यापारी मार्गावरचे भरभराटीचे नगर होते, आणि भिक्षूंना भिक्षेसाठी नगर जवळ तर ध्यानासाठी एकांत हवा असतो. ही टेकडी दोन्ही गरजा भागवत होती. शिवाय सिंहली परंपरेनुसार अशोकाची पत्नी देवी ही विदिशेच्या श्रेष्ठीची, म्हणजे धनिक व्यापाऱ्याची, कन्या होती आणि तिचा पुत्र महेंद्र श्रीलंकेला धम्म घेऊन जाण्यापूर्वी आईला भेटायला इथे आला, तेव्हा त्याचा मुक्काम चेतियगिरीच्या विहारात होता. हा चेतियगिरी म्हणजेच सांची, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. श्रीलंकेचे यात्रेकरू आजही मोठ्या संख्येने इथे येतात त्यामागे हा धागा आहे.

कधी आणि कसे जावे

सांची मध्य प्रदेशात रायसेन जिल्ह्यात आहे. भोपाळपासून ती पन्नास किलोमीटरच्या आत आणि विदिशेपासून सुमारे दहा किलोमीटरवर येते. महाराष्ट्रातून इटारसीमार्गे भोपाळ गाठणे सर्वांत सोपे. सांचीला रेल्वेस्थानक आहे, पण मोजक्याच गाड्या थांबतात, म्हणून भोपाळ किंवा विदिशेला उतरून बसने अथवा टॅक्सीने जावे. भोपाळहून येताना रस्त्यात कर्कवृत्ताची खूण लागते. मुले बरोबर असतील तर तिथे पाच मिनिटे थांबायला हरकत नाही.

ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. एप्रिल आणि मे महिन्यांत दगड इतका तापतो की दुपारी टेकडीवर थांबणे अवघड होते. परिसर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत खुला असतो. भारतीय नागरिकांना तिकीट ४० रुपये असून ऑनलाइन काढल्यास थोडे कमी पडते; १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. पायथ्याचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते, त्यामुळे शक्यतो शुक्रवार टाळावा.

मुक्काम सांचीतच किंवा विदिशेला करावा, असा माझा आग्रह आहे. भोपाळहून सकाळी निघून दुपारी पोहोचणाऱ्याला पूर्व तोरणावरचा सकाळचा उजेड मिळत नाही, आणि कोरीवकामात तर उजेडाचाच सारा खेळ असतो. पाण्याची बाटली, टोपी आणि असल्यास एक लहान दुर्बीण बरोबर घ्यावी. तोरणे सुमारे १० मीटर उंच आहेत. वरच्या तुळईवरचे प्रसंग नुसत्या डोळ्यांनी नीट उलगडत नाहीत.

वंदनेसाठी जाणारे उपासक पांढरी वस्त्रे घालतात. पर्यटकावर तसे बंधन नाही, पण कपडे साधे असावेत. फुले नेली तर चालतात. मेणबत्ती आणि अगरबत्ती मात्र प्राचीन दगडावर कुठेही लावू नये, कारण काजळी आणि मेणाचे डाग सच्छिद्र वालुकाश्मात मुरतात आणि मग निघत नाहीत. दीप आणि धूप अर्पण करण्याची जागा त्याच टेकडीवरच्या नव्या विहारात आहे. तिच्याविषयी पुढे येईल.

टेकडीवर पोहोचल्यावर: आधी दुरून पाहावे

वर पोहोचताच तोरणाकडे धाव घेऊ नये. थोड्या अंतरावर उभे राहून संपूर्ण रचना वाचून घ्यावी. पुरातत्त्वज्ञ याला पहिल्या क्रमांकाचा स्तूप म्हणतात. त्याचा व्यास ३६.६ मीटर आणि घुमटाची उंची सुमारे १६.५ मीटर आहे. खालचा गोल चौथरा ती मेधी. तिच्यावरचा अर्धगोल घुमट म्हणजे अंड. अंडाचा माथा सपाट केलेला असून त्यावर चौकोनी कठड्याची हर्मिका आहे, हर्मिकेच्या मधोमध यष्टी, म्हणजे उभा दांडा, आणि यष्टीवर एकावर एक तीन छत्रे. छत्र हे राजसत्तेचे चिन्ह. इथे ते धम्माच्या सार्वभौमत्वासाठी आले आहे, आणि तीन छत्रे बुद्ध, धम्म व संघ या त्रिरत्नांची, असा अर्थ सामान्यपणे लावला जातो. मेधीभोवती जमिनीवर जो भक्कम दगडी कठडा फिरला आहे तो वेदिका, आणि वेदिकेच्या चार दिशांना चार तोरणे, म्हणजे कोरीव दगडी प्रवेशद्वारे.

हे सगळे एकाच वेळी झालेले नाही. अशोकाने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात बांधलेला मूळ स्तूप विटांचा होता आणि आजच्या स्तूपाच्या साधारण निम्म्या व्यासाचा होता. तो अजूनही आत आहे. पुढच्या शतकात, शुंगकाळात, त्यावर दगडी आवरण चढवून तो मोठा करण्यात आला, वेदिका बांधली गेली. तोरणे त्याहीनंतर, इ. स. पूर्व पहिल्या शतकात, सातवाहनांच्या काळात उभी राहिली. जुना स्तूप पाडून नवा बांधण्याऐवजी जुन्याला पोटात घेऊन नवा वाढवण्याची ही रीत स्तूपांच्या बाबतीत सर्वत्र दिसते, कारण एकदा पूज्य झालेली वास्तू मोडता येत नाही.

वेदिकेजवळ गेल्यावर तिच्या रचनेकडे मुद्दाम पाहावे. उभे खांब, त्यांच्या खाचांत आडव्या बसवलेल्या सूची आणि वर गुळगुळीत उष्णीष (माथ्याची आडवी शिळा), ही सारी सुतारकामाची पद्धत आहे. लाकडी कुंपणाची बांधणी दगडात जशीच्या तशी उतरवली आहे. तिच्यावर नक्षी जवळपास नाही, आणि मला ती तोरणांइतकीच देखणी वाटते.

प्रदक्षिणा: पहिली गोष्ट हीच करावी

स्तूपाची मुख्य पूजा म्हणजे प्रदक्षिणा. तोरणे पाहणे नंतर. स्तूप आपल्या उजव्या हाताला राहील अशा रीतीने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, चालावे. परंपरेने तीन फेऱ्या घालतात. वेदिकेची प्रवेशस्थाने अशी रचली आहेत की तोरणातून सरळ आत जाता येत नाही, वळूनच जावे लागते. त्यामुळे बाहेरची वर्दळ मागे पडते आणि आपण एका बाजूला स्तूपाची भिंत, दुसऱ्या बाजूला वेदिका अशा अरुंद, शांत मार्गावर येतो. वरून पाहिल्यास चार प्रवेशांसह वेदिकेचा आराखडा स्वस्तिकासारखा दिसतो.

मेधीवर दुसरा प्रदक्षिणापथ आहे आणि त्यावर जाण्यासाठी दक्षिणेकडे दोन बाजूंनी चढणारा जिना आहे. तो मार्ग बंद असेल तर जवळच्या रक्षकाशी वाद घालू नये; खालची प्रदक्षिणा धार्मिक दृष्टीने तितकीच पूर्ण आहे.

बौद्ध वंदना येत असेल त्याने पहिल्या फेरीआधी हात जोडून ‘नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स’ तीन वेळा म्हणावे, त्यानंतर त्रिशरण आणि पंचशील. ज्याला ती येत नाही किंवा जो दुसऱ्या धर्माचा आहे त्याने नुसते मौन पाळून चालले तरी पुरे. फेरी घालताना मोबाईल खिशात ठेवावा. समोरून उलट दिशेने येणारे पर्यटक भेटतीलच, त्यांना वाट द्यावी आणि आपली दिशा सोडू नये.

चालताना चारही प्रवेशांसमोर, स्तूपाच्या भिंतीला टेकून, ध्यानस्थ बुद्धांच्या बैठ्या मूर्ती दिसतात. त्या गुप्तकाळातल्या, इसवी सनाच्या पाचव्या शतकातल्या आहेत. तोरणे आणि या मूर्ती यांच्यामध्ये सुमारे पाचशे वर्षांचे अंतर आहे, आणि ते ध्यानात ठेवले नाही तर पुढच्या टप्प्यात गोंधळ होतो.

तोरणे कशी वाचावीत

सांचीत सर्वाधिक वेळ इथे द्यावा. तोरणांवर बुद्धांचे चरित्र सविस्तर कोरलेले आहे, पण बुद्ध मानवी रूपात एकदाही दिसत नाहीत. त्यांची उपस्थिती चिन्हांनी दाखवली आहे. रिकामे आसन आणि वर पिंपळ असेल तर ती संबोधी, म्हणजे ज्ञानप्राप्ती. चक्र असेल तर सारनाथचे पहिले प्रवचन. स्तूप असेल तर महापरिनिर्वाण. पावलांचे ठसे आणि कुणावरही न धरलेले छत्र दिसले की तिथे बुद्ध आहेत, असे समजावे. यांतील काही शिल्पे चरित्रातील प्रसंगांची नसून त्या त्या पवित्र स्थळी पुढे भरलेल्या पूजा-उत्सवांची आहेत, असेही काही अभ्यासक मानतात, आणि काही चौकटींसमोर उभे राहिल्यावर ते म्हणणे पटू लागते. शेजारी शेजारी सात वृक्ष आणि स्तूप दिसले तर ते गौतम बुद्ध आणि त्यांच्या आधीचे सहा बुद्ध यांचे दर्शक आहेत.

सुरुवात पूर्व तोरणापासून करावी, कारण सकाळचे ऊन त्याच्या दर्शनी बाजूवर पडते. मधल्या तुळईवर महाभिनिष्क्रमण, म्हणजे सिद्धार्थाचा गृहत्याग, आहे. डावीकडे कपिलवस्तू नगर, आणि तिथून बाहेर पडणारा कंथक घोडा उजवीकडे सरकत पुन्हा पुन्हा कोरला आहे. त्याच्या पाठीवर कोणी नाही, पण वर छत्र धरलेले आहे आणि टापांचा आवाज होऊ नये म्हणून देवगणांनी त्याचे खूर हातांवर झेलले आहेत. उजव्या टोकाला फक्त दोन पावले, त्यांच्यावर छत्र, आणि खालच्या बाजूने तोच घोडा परत निघालेला, आता छत्राशिवाय. एका तुळईवर काळ पुढे सरकताना दाखवण्याची ही युक्ती एकदा कळली की बाकीच्या तुळया आपोआप वाचता येतात. खालच्या तुळईवर अशोकाची बोधिवृक्षाला भेट मानला जाणारा प्रसंग आहे, त्यात राजाला हत्तीवरून आधार देऊन उतरवले जात आहे. याच तोरणाच्या कडेला आंब्याच्या फांदीला झुललेली प्रसिद्ध शालभंजिका, म्हणजे वृक्षाची फांदी धरलेली यक्षिणी, आहे. भिक्षूंच्या स्थळी यक्षिणी कशाला, असा प्रश्न अनेकांना पडतो. सुफलतेची ही जुनी लोकदैवते होती आणि बौद्ध धर्माने त्यांना हाकलून न देता तोरणाच्या राखणीला उभे केले.

प्रदक्षिणेच्या क्रमाने पुढे दक्षिण तोरण लागते. हे चारांतले सर्वांत आधीचे, आणि याच बाजूने मुख्य प्रवेश होता. त्याच्या वरच्या तुळईवर, कोरलेल्या स्तूपाच्या घुमटावर, ब्राह्मी लिपीतला एक लेख आहे: राजा सिरी सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीपुत्र आनंद, याचे हे दान. नाणेघाट आणि पैठणमुळे सातवाहन आपल्या परिचयाचे असतात. त्यांच्या दरबारचा कारागीर इतक्या उत्तरेला स्वतःच्या नावाने दान देतो, हे मराठी वाचकाने जरूर थांबून पाहावे. त्याच तोरणाच्या एका खांबावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी हे कोरीवकाम केल्याचा लेख आहे. दगडावरची बारीक, दागिन्यासारखी कलाकुसर पाहिली की ते सहज पटते. मधल्या तुळईवर अशोक मूळच्या आठांपैकी रामग्रामच्या स्तूपाकडे आलेला आहे, पण तिथले नाग त्याला अस्थी घेऊ देत नाहीत. तळच्या तुळईवर अस्थींसाठी कुशीनगरला पडलेला वेढा आहे. घरी वाचलेली विभागणीची कथा इथे हत्ती, रथ आणि तटबंदीसह समोर येते. या तोरणाच्या जीर्णोद्धारात वरची आणि तळची तुळई उलट बाजूने बसवली गेली, म्हणून दोन्ही बाजूंनी फिरून पाहावे.

पश्चिम तोरण दुपारनंतर पाहावे. त्याच्या उजव्या खांबावर महाकपी जातक (जातक म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्माची कथा) आहे, म्हणजे आपल्या कळपाला वाचवण्यासाठी गंगेवर स्वतःच्या देहाचा पूल करणाऱ्या वानरराजाची कथा. इथल्या तुळया पोटाळ बुटक्यांनी तोलल्या आहेत, दक्षिणेला तेच काम सिंह करतात, पूर्वेला आणि उत्तरेला हत्ती. कोणते तोरण कोणते हे छायाचित्रांत ओळखायला एवढी खूण पुरते.

उत्तर तोरण सर्वांत सुस्थितीत आहे. सर्वांत वर मधोमध भंगलेले धर्मचक्र आहे. तळच्या तुळईवर, पुढून आणि मागूनही, वेस्संतर जातक कोरले आहे: राज्य, हत्ती, रथ, शेवटी मुले आणि पत्नीही दान करणाऱ्या राजपुत्राचे. मागच्या बाजूला मधल्या तुळईवर बुद्धांना बोधीपासून ढळवू पाहणारा मार आणि त्याची सेना आहे. त्यातल्या विद्रूप, फुगल्या गालांच्या सैनिकांचे चेहरे लहान मुलांना फार आवडतात. हिवाळ्यात या तोरणाच्या दर्शनी भागावर ऊन फारसे येत नाही, म्हणून छायाचित्रांची अपेक्षा बेताची ठेवावी.

दानलेख शोधावेत

वेदिकेच्या खांबांवर, सूचींवर आणि फरशांवर शेकडो छोटे लेख आहेत. एखाद्या भिक्षुणीचे दान, एखाद्या श्रेष्ठीचे, एखाद्या विणकराचे, उज्जयिनीच्या एखाद्या गृहिणीचे, असा त्यांचा मजकूर असतो. राजांची नावे त्यांत विरळाच येतात. हा कठडा अशा असंख्य लहान दानांतून उभा राहिला, एकेक खांब आणि एकेक सूची करून, आणि देणाऱ्यांत स्त्रियांची व भिक्षुणींची संख्या मोठी आहे. दानाचे पुण्य स्तूपाच्या सान्निध्यात राहावे, येणाऱ्या-जाणाऱ्याने नाव वाचावे, एवढीच त्यांची इच्छा दिसते. स्तूपाचे धार्मिक महत्त्व समजून घ्यायचे असेल तर मी या लेखांना तोरणांच्याही आधी स्थान देईन.

लेख वाचता येणार नाहीत, तरी एक युक्ती आहे. बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात आणि दुसऱ्यावर अनुस्वाराचा ठिपका असतो: ‘दानं’. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांना सांचीच्या लेखांतील ही पुनरावृत्ती जाणवली आणि विस्मृतीत गेलेल्या ब्राह्मी लिपीचे कोडे सुटण्यास त्याची मोठी मदत झाली. ती दोन अक्षरे एकदा ओळखली की कठड्याभोवतीची दुसरी फेरी निराळीच होते. अक्षरांवर बोट फिरवणे, त्यांवर खडू किंवा पाणी लावून छायाचित्र घेणे मात्र कटाक्षाने टाळावे.

अशोकस्तंभ, तिसरा स्तूप आणि विहार

दक्षिण तोरणाजवळ अशोकस्तंभाचा बुंधा उभा आहे. बाकीचे तुकडे शेजारी ठेवलेले आहेत. उसाच्या चरकासाठी एका स्थानिक जमीनदाराने तो फोडला, असे सांगितले जाते. बुंध्यावरच्या लेखात अशोकाने संघात फूट पाडणाऱ्या भिक्षूला किंवा भिक्षुणीला पांढरी वस्त्रे नेसवून विहाराबाहेर काढावे, अशी आज्ञा दिली आहे. पांढरी वस्त्रे ही गृहस्थाची. म्हणजे त्याला चीवराचा, भिक्षूच्या वस्त्राचा, अधिकार उरत नाही. असाच आदेश सारनाथ आणि कौशांबी येथेही सापडला आहे.

महास्तूपाच्या ईशान्येला एकाच तोरणाचा लहान स्तूप आहे, तो तिसऱ्या क्रमांकाचा. आकाराने छोटा असला तरी अस्थिधातूंच्या दृष्टीने इथले महत्त्व मोठे. महास्तूपात १८२२ मध्ये घाईघाईने केलेल्या खोदकामामुळे मोठे भगदाड पडले आणि हाती काहीच लागले नाही. १८५१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम आणि मेसी यांनी तिसरा स्तूप उघडला तेव्हा मात्र दोन दगडी पेट्या मिळाल्या. एकीच्या झाकणावर सारिपुत्ताचे आणि दुसरीच्या झाकणावर महामोग्गलानाचे नाव होते. हे दोघे बुद्धांचे अग्रश्रावक, म्हणजे प्रमुख शिष्य, आणि दोघांचेही निर्वाण बुद्धांच्या आधी झाले. आतल्या करंडकांच्या झाकणांवर त्यांच्या नावांची आद्याक्षरे शाईने लिहिलेली होती.

त्या अस्थी इंग्लंडला गेल्या आणि अनेक दशके लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात राहिल्या. बौद्ध समाजाच्या मागणीनंतर १९४७ मध्ये त्या श्रीलंकेला पोहोचल्या, पुढे भारतात आल्या, आणि ३० नोव्हेंबर १९५२ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या उपस्थितीत टेकडीवरच बांधलेल्या नव्या चेतियगिरी विहारात त्यांची प्रतिष्ठापना झाली. म्हणून ज्याला वंदना करायची आहे त्याने या विहारात गेल्याशिवाय परतू नये. प्राचीन स्तूप हे आज संरक्षित स्मारक आहे, तर चालू उपासना विहारात होते. श्रीलंकेची महाबोधी सोसायटी त्याची व्यवस्था पाहते.

विहारात पादत्राणे बाहेर काढावीत, टोपी उतरवावी, बुद्धमूर्तीकडे पाय पसरून बसू नये आणि मूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढू नये. भिक्षूंना ‘भन्ते’ म्हणून संबोधावे आणि ‘वंदामि भन्ते’ म्हणून हात जोडावेत. दान दोन्ही हातांनी द्यावे. काही थेरवादी परंपरांत भिक्षू स्त्रियांच्या हातातून थेट वस्तू घेत नाहीत, तेव्हा स्त्रियांनी ती समोरच्या वस्त्रावर किंवा तबकात ठेवावी, त्यात अवमान मानू नये. अस्थिधातू एरवी दर्शनासाठी खुल्या नसतात. नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारच्या सुमारास विहाराचा वार्षिक उत्सव भरतो आणि तेव्हा त्या बाहेर काढल्या जातात. दर्शन हाच हेतू असेल तर याच दिवसांत जावे. निवांतपणे शिल्पे पाहायची असतील तर हेच दिवस टाळावेत, कारण गर्दी प्रचंड असते.

उतरताना संग्रहालय, मग दुसरा स्तूप

ऊन चढल्यावर पायथ्याच्या संग्रहालयात जावे. १९१२ ते १९१९ या काळात जॉन मार्शल यांनी सांचीचे उत्खनन आणि जीर्णोद्धार केला, त्याच वेळी हे संग्रहालय सुरू झाले. या कामांना भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ यांनी अर्थसाहाय्य केले होते. अशोकस्तंभाचे चार सिंहांचे शीर्ष इथे आहे. आपली राजमुद्रा याच्यावरून घेतल्याचे काही वाटाडे सांगतात, पण ती सारनाथच्या शीर्षावरून घेतली आहे. सांचीच्या शीर्षाखालील पट्टीवर चक्रे आणि प्राणी नसून हंसांच्या जोड्या आहेत.

दुपार कलल्यावर पुन्हा वर जाऊन पश्चिम तोरण पाहावे आणि मग पश्चिमेच्या उतारावरून दुसऱ्या स्तूपाकडे उतरावे. बहुतेक लोक तिथे जात नाहीत. त्याला तोरणे नाहीत, पण वेदिकेवरची कमळे, हत्ती, गजलक्ष्मी आणि विलक्षण मिश्र प्राणी यांची पदके हे सांचीतले सर्वांत जुने कोरीवकाम आहे. या स्तूपात दहा थेरांच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंच्या, अस्थी मिळाल्या. त्यांतील कस्सपगोत्त आणि मज्झिम ही नावे हिमालय प्रदेशात धम्मप्रसारासाठी गेलेल्या थेरांची म्हणून सिंहली इतिवृत्तांतही येतात, त्यामुळे ग्रंथातल्या परंपरेला दगडावरची साक्ष मिळाली. हा स्तूप मुख्य माथ्यावर न बांधता उतारावर का बांधला, याचे उत्तर त्यातच शोधले जाते: माथा बुद्धांचा आणि त्यांच्या अग्रश्रावकांचा, त्यांच्याखाली नंतरचे आचार्य. परत वर चढायला वेळ लागतो, म्हणून सूर्यास्ताच्या निदान तासभर आधी इथून निघावे.

दुसरा दिवस हाताशी असेल तर विदिशेजवळची उदयगिरीची लेणी आणि बेसनगरचा हेलिओडोरस या ग्रीक राजदूताचा स्तंभ सकाळी पाहून होतात. स्तूपच पाहायचे असतील तर सतधारा गाठावे. हलाली नदीच्या काठावरच्या त्या स्थळी सांचीसारखी तोरणे नाहीत, पण भव्य स्तूप आणि विहारांचे अवशेष जवळजवळ एकांतात पाहता येतात. तिथे सार्वजनिक वाहन मिळणे कठीण असते, त्यामुळे जाण्यायेण्याचे भाडे आधी ठरवून गाडी थांबवून ठेवावी आणि पाणी व खाणे सांचीहूनच बरोबर घ्यावे.